जोडीने वाचायची पुस्तके

दिवाळीची सुट्टी लागण्यापूर्वी आमच्या शाळेत पालकांची सभा भरते. सभा संपली की एखादे तरी वडील मला व्हरांड्यात गाठतात आणि म्हणतात, "गुरुजी, पोराला चार शहाणपणाची पुस्तके सांगा. गोष्टी-कादंबऱ्या नकोत, काही विचार करायला लावणारे सांगा." मी स्वतः कादंबऱ्या लिहितो हे त्यांना चांगले ठाऊक असते. तरीही ते माझ्या तोंडावर असे म्हणतात, आणि मला त्याचा राग येत नाही. प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र यादीने देता येत नाही, असे माझे मत बनले आहे.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. महाविद्यालयाच्या पायऱ्या मी चढलो त्या स्नेहसंमेलनात भाषण करायला. जे काही वाचले ते गावच्या वाचनालयाच्या कपाटातून, ज्या क्रमाने हाती लागले त्या क्रमाने. त्या वाचनाचा एक फायदा झाला. एका विषयावर एक पुस्तक संपवून मी पुरता खात्री पटलेला माणूस होऊन बसावे, तोच शेजारच्या फळीवरून त्याच विषयावर नेमके उलटे सांगणारे दुसरे पुस्तक हाती यावे आणि पहिल्याची खात्री डळमळावी! पुढे ध्यानात आले की आपल्या मराठी गद्याचा एकोणिसाव्या शतकातला इतिहास बहुतांशी अशा भांडणांचाच आहे. म्हणून मी पुस्तके सुटी सुचवीत नाही, जोडीने सुचवितो. एक पुस्तक, आणि त्याच्याशी ज्याने वाद घातला ते दुसरे. अशा काही जोड्या आज फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

सर्वांत मोठी आणि माझ्या आवडीची जोडी मराठ्यांच्या इतिहासाची आहे. खरे म्हणजे ती जोडी नव्हे, चांगली चार पिढ्यांची साखळी आहे.

पेशवाई १८१८ साली बुडाली. साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना पुन्हा बसविले गेले आणि त्यांच्याजवळ कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून जेम्स ग्रँट नावाचा स्कॉटिश कॅप्टन आला. वय अवघे एकोणतीस. हाच पुढे ग्रँट डफ म्हणून प्रसिद्धीस आला. साताऱ्याला चार-एक वर्षे काढताना त्याने हाती येतील तेवढे मराठी कागद, बखरी आणि वंशावळी जमवल्या, माणसांना विचारून टिपणे काढली, आणि विलायतेस परतल्यावर १८२६ साली तीन खंडांत मराठ्यांचा इतिहास छापला. हे मराठे कोण, म्हणून तिकडचे प्रकाशक नाके मुरडीत होते. ग्रँट डफने पुस्तकाच्या नावातून मराठ्यांना वगळायला नकार दिला. एवढे त्याचे ऋण आपण मानलेच पाहिजे. थोड्याच वर्षांत डेव्हिड केपन या दुसऱ्या कॅप्टनाने त्याचे मराठी केले, आणि मराठी मुले आपल्या बापजाद्यांचा इतिहास एका साहेबाने लिहिलेल्या आणि दुसऱ्या साहेबाने भाषांतरिलेल्या बखरीतून शिकू लागली.

पुस्तक कष्टाने लिहिलेले होते, म्हणूनच त्याचा दरारा मोठा. सह्याद्रीवरचे वाळलेले गवत एकाएकी पेटावे तसा मराठ्यांचा उदय झाला, अशी उपमा त्यात आहे. उपमा डोळ्यांपुढे चित्र उभे करते, पण तिचा अर्थ काय होतो पाहा. वणव्याला ना हेतू असतो ना आखणी. म्हणजे शिवाजी महाराजांनी जे उभे केले ती एक आग, आणि आग ती काय, पेटली तशी विझणारच! न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला, त्यात या उपमेलाच हात घातला आणि त्या उदयामागे पिढ्यांची तयारी होती असे दाखविण्याचा प्रयत्न केला. एका उपमेला उत्तर द्यायला एक अख्खा ग्रंथ लागतो, हे मी माझ्या नववीच्या वर्गाला दरवर्षी सांगतो.

पण रानड्यांच्याही आधी एक माणूस उठला होता. नीलकंठ जनार्दन कीर्तने हे त्याचे नाव. १८६७ साल. सत्तावन्नचे बंड मोडून दहाच वर्षे झाली होती. इंग्रजी राज्य आता हलत नाही अशी सर्वांची समजूत झालेली. अशा दिवसांत डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या या तरुणाने पुण्यात एका तरुणांच्या सभेपुढे ग्रँट डफच्या इतिहासावर टीका करणारा निबंध वाचला. मोठ्या आवाजात साहेबाचा निषेध केला असता तर टाळ्या मिळाल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी सारे विसरून गेले असते. कीर्तन्यांनी ग्रँट डफचे म्हणणे आपल्याकडच्या बखरींशी ताडून पाहिले, आणि कुठे घटनेत चूक आहे, कुठे अर्थ लावण्यात लेखकाचा कल दिसतो, ते सांगितले. ज्या पुस्तकातून तो शिकला त्याच पुस्तकाची त्याने परीक्षा घेतली. मला शिक्षक म्हणून या प्रसंगाचे फार अप्रूप वाटते. आमच्याकडे मुलाने पाठ्यपुस्तकातली छपाईची चूक दाखवली तरी काही शिक्षकांना अपमान झाल्यासारखा वाटतो.

त्या निबंधाने लोकांना एक गोष्ट उमगली. साहेबाशी वाद घालायचा तर कागद हवेत, आणि कागद आपल्याच वाड्यांच्या माळ्यांवर वाळवीच्या तोंडी पडले आहेत. १८७८ साली काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक काढले ते जुन्या बखरी, पत्रे आणि कविता छापण्यासाठी. आणि १८९८ साली विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड वाईहून प्रसिद्ध केला.

राजवाड्यांच्या पायपिटीच्या कथा बहुतेकांनी ऐकल्या असतील. गावोगाव हिंडून, कोणी दारातून हाकलले तरी पुन्हा जाऊन, त्यांनी दप्तरे मिळविली. ऐन तारुण्यात पत्नी वारली, दुसरे लग्न केले नाही, संसार म्हणून जो काही होता तो या कागदांचाच. एकूण बावीस खंड निघाले. पहिल्या खंडात १७५० ते १७६१ या काळातली, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे आहेत, आणि त्यांना जोडलेली दीर्घ प्रस्तावना हे स्वतःच एक पुस्तक आहे. तीत ग्रँट डफच्या चुका एकामागून एक मांडल्या आहेत. अस्सल पत्रापुढे बखरीचा टिकाव लागत नाही, हा राजवाड्यांचा आग्रह. बखर पुष्कळदा घटनेनंतर कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली असते. पत्र त्या दिवशीचे असते, त्यात दाण्यागोट्याचा भाव असतो, घोड्यांची उपासमार असते, आणि उद्या काय होणार हे लिहिणाराला ठाऊक नसते. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. पानिपत हरले हे आपल्याला माहीत आहे. भाऊसाहेबांच्या छावणीतून पत्र लिहिणाऱ्या कारकुनाला ते माहीत नव्हते.

इथवर वाचून वाचक राजवाड्यांचा भक्त होतो. मीही झालो होतो, आणि अजूनही काही अंशी आहे. पण साखळीतली पुढची कडी वाचल्याशिवाय थांबू नये. राजवाड्यांनी पानिपताच्या पराभवाचा ठपका गोविंदपंत बुंदेले आणि मल्हारराव होळकर यांच्यावर मोठ्या आवेशाने ठेवला. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी त्याच लढाईवर 'पानिपत : १७६१' हे पुस्तक लिहिले, मराठीत ते १९६१ साली, लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा आले. शेजवलकरांनी राजवाड्यांचे कागद घेतले, मते मात्र तपासून घेतली. ज्या कसोटीवर राजवाड्यांनी ग्रँट डफला घासले त्याच कसोटीवर त्यांनी राजवाड्यांना घासले. असा नातू मिळणे हे आजोबांचे भाग्य म्हणायचे! हे सारे मोठे ग्रंथ आहेत, सुट्टीत चारही पुरे होणार नाहीत. निदान राजवाड्यांची पहिली प्रस्तावना आणि शेजवलकरांचे 'पानिपत' एवढे तरी घरात एकापाठोपाठ वाचले जावे. मुलांना नकाशा घेऊन बसवावे.

आता एक जोडी अशी सांगतो की जिच्यात दोन्ही बाजूंना पुस्तक एकच आहे.

विष्णुभट गोडसे हे कुलाब्याकडच्या वरसई गावचे भिक्षुक. घरात दारिद्र्य आणि कर्ज. उत्तरेत बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळेल, असे कळल्यावरून ते आपल्या काकांबरोबर १८५७ साली निघाले आणि नेमके बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते गावात होते. गाव पडले, तीन दिवस कत्तल आणि लूट झाली, मिळविलेले पैसे गेले, जीव तेवढा वाचला. काल्पीच्या वाटेवर त्यांना राणी लक्ष्मीबाई भेटली, तहानलेली, दमलेली. भटजी विहिरीतून पाणी काढू लागले तर तिने त्यांना थांबविले आणि स्वतः पोहरा ओढला. कीर्ती ऐकून लिहिलेल्या चरित्रात असा पोहरा सापडत नाही. शेवटी हे गृहस्थ घरी परतले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन, आईबापांना तिने स्नान घालण्यासाठी.

चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून १८८३ साली भटजींनी ही हकीकत मोडीत लिहून काढली. राज्य इंग्रजांचे, विषय बंडाचा. पुस्तक छापून निघाले ते १९०७ साली, लेखक वारल्यानंतर. 'माझा प्रवास' म्हणून घरोघर पोचले ते हेच. वैद्यांनी ते छापताना भाषा झाडूनपुसून घेतली, काही मजकूर गाळला, काही घातला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. वाचकाला नीटनेटके पुस्तक द्यावे एवढेच त्यांना वाटले असेल. पण मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळात जपलेले होते, आणि १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी ते मूळ स्वरूपात प्रसिद्ध केले. आता दोन्ही आवृत्त्या समोर ठेवून वाचता येतात. संपादकाचा हात कुठे फिरला, भटजींचे बोलणे कुठे गुळगुळीत झाले, हे वाचकाला आपल्या डोळ्यांनी दिसते. छापलेले म्हणजे लिहिलेले नव्हे, ही गोष्ट शंभर व्याख्यानांनी कळत नाही ती इथे एका दुपारी कळते.

या पुस्तकाबरोबर मी मुलांना एक उद्योग देतो, तो मोठ्यांनीही करून पाहावा. दोन रंगांच्या पेन्सिली घ्यायच्या. भटजींनी स्वतः पाहिले ते एका रंगाने, वाटेत शिपायांकडून किंवा यात्रेकरूंकडून ऐकले ते दुसऱ्या रंगाने खुणावायचे. (वाचनालयाचे पुस्तक असेल तर कागदावर लिहून काढावे, ग्रंथपालांचे शाप मला नकोत.) भटजी माणूस सरळ, त्यामुळे बहुतेक ठिकाणी दोन्ही वेगळे काढता येते. बंड का झाले याविषयीच्या त्यांच्या गोष्टी ऐकीव आहेत; झाशीतली होरपळ पाहिलेली आहे. पहिल्या भागाचा उपयोग त्या काळी लोक काय बोलत होते हे कळण्यासाठी, दुसऱ्याचा काय घडले हे कळण्यासाठी. आजकाल घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर रोज सकाळी इतिहास येऊन पडतो, ना लेखकाचे नाव, ना कागदाचा पत्ता. या पेन्सिली तिथेही चालतात. पहिला रंग फारसा झिजत नाही एवढेच.

लोकहितवादी आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर ही जोडी सर्वांना नावाने माहीत असते, वाचलेली थोड्यांनी असते. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात पत्रे लिहिली. वय पंचवीस. नाव 'शतपत्रे' पडले, पत्रे भरली एकशे आठ. आपण का हरलो, या प्रश्नाचे त्यांचे उत्तर असे की दोष आपल्यातच आहेत: अर्थ न कळता केलेले पाठांतर, आळस, जातिभेद, जगाविषयी अज्ञान. पत्रे लहान आहेत, रागाने लिहिलेली आहेत, जेवणानंतर घरात मोठ्याने वाचायला उत्तम. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, जानेवारी १८७४ मध्ये, चिपळूणकरांनी 'निबंधमाला' सुरू केली, सात वर्षांत ८४ अंक काढले, आणि त्यांत लोकहितवादींवर कोरडे ओढले. स्वदेशाची एवढी निंदा करणारा आणि परक्यांची एवढी स्तुती करणारा माणूस समाजाचे सत्त्व घालवतो, हा त्यांचा रोख. त्या गद्याचा झोत असा की वाचता वाचता माणूस मान डोलवू लागतो.

आणि म्हणूनच दोघेही वाचले पाहिजेत. फक्त 'निबंधमाला' वाचणाऱ्याला वाटेल की लोकहितवादी हे साहेबाचे भाट होते. प्रत्यक्ष पत्रे उघडली तर त्याच माणसाने १८४८ साली हिंदुस्थानाला पार्लमेंट मिळावे असे लिहिलेले सापडते आणि देशी माल वापरण्याचा आग्रहही सापडतो. उलट फक्त लोकहितवादी वाचले तर चिपळूणकरांची चीड कोठून आली ते कळत नाही. त्यासाठी 'आमच्या देशाची स्थिती' हा मालेतला अखेरचा निबंध वाचावा. सरकारने पुढे तो जप्त केला आणि १९३७ साली ती बंदी उठली. गंमत अशी की लोकहितवादी सरकारी नोकर, आणि माला सुरू केली तेव्हा चिपळूणकरही सरकारी शाळेतले शिक्षक. चिपळूणकरांनी ती नोकरी सोडली, न्यू इंग्लिश स्कूल काढले, आणि १८८२ साली बत्तिसाव्या वर्षाच्या आतच वारले.

एका ठिकाणी मात्र मला चिपळूणकरांची बाजू घेता येत नाही. जोतीराव फुल्यांचे 'गुलामगिरी' १८७३ साली निघाले. त्याच्या समाचारात शास्त्रीबुवांनी जोतीरावांच्या व्याकरणाची आणि भाषेची टिंगल करण्यात लेखणी झिजवली. विद्यार्थ्याच्या वहीतले ऱ्हस्वदीर्घ तपासून, त्याने काय लिहिले ते न वाचताच वही परत करावी, तशातला हा प्रकार. जोतीरावांनी विचारलेले प्रश्न जागच्या जागी राहिले. वाचकाने 'गुलामगिरी' आणि हा समाचार शेजारी ठेवून पाहावे. कोणता घाव मुद्द्यावर बसला आणि कोणता भाषेवर, हे मोजायला व्याकरणाचे ज्ञान लागत नाही.

टिळक-आगरकरांविषयी फार लिहीत नाही, कारण त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आगरकरांचे 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे एकशे एक दिवस' हे १८८२ सालचे छोटे पुस्तक मात्र कोणत्याही घरात असावे. एका कोठडीत राहून मित्राशी वाद कसा घालावा, याचा तो नमुना आहे.

शेवटची जोडी सांगायला मी मुद्दाम मागे ठेवली, कारण तिच्यातले एक पुस्तक जवळजवळ शंभर वर्षे कोणाला ठाऊकच नव्हते.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःचे मूल मारल्याचा खटला झाला. फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. वर्तमानपत्रांतून चर्चा उसळली आणि 'पुणेवैभव' पत्राने त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतले. त्याला उत्तर आले ते वऱ्हाडातल्या बुलढाण्याहून. ताराबाई शिंदे या बाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध लिहून १८८२ साली पुण्यात छापविला. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक समाजातले. बाईंचे शिक्षण घरातले.

निबंधाची रीत साधी आहे. स्त्रियांच्या अंगी म्हणून जे जे दुर्गुण पुरुषांनी ग्रंथांत लिहून ठेवले ते एकेक घ्यायचे आणि विचारायचे, हा पुरुषात नाही काय? साहस, कपट, व्यभिचार, अविचार, एकेक करून सारे पुरुषाच्या पारड्यात टाकून दाखवायचे. भाषा चुलीजवळची, तापलेली. मध्येच बाई त्या काळी गाजलेल्या 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा कादंबऱ्यांकडे वळतात आणि त्या लिहिणाऱ्यांनी बाईमाणूस कसे रंगविले आहे त्याची झडती घेतात. मी कादंबरीकार असल्याने ती पाने मला दोनदा वाचावी लागली. माझ्या दोन कादंबऱ्यांतल्या नायिका त्या झडतीतून कशा पार पडतील, हे मी इथे सांगत बसत नाही. घरी त्यावर पुरेशी चर्चा झाली आहे.

या पुस्तकावर त्या काळी टीका झाली, थट्टा झाली. बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी. १८८५ सालच्या 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंवर टीका करणाऱ्यांना खडसावले. त्यानंतर पुस्तक दिसेनासे झाले. त्या काळच्या स्त्रियांवर, विधवांवर, सुधारणेवर पुढे केवढे वाङ्मय झाले! रानडे, आगरकर, कर्वे यांच्या नावांनी शाळांची पाठ्यपुस्तके भरली. त्या वादात स्त्रीने स्वतः छापून दिलेले उत्तर कोणत्याच फळीवर नव्हते. जोडीतला एक आवाज गेला, आणि गेला हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी 'स्त्रीपुरुष तुलना' शोधून पुन्हा प्रसिद्ध केले. त्र्याण्णव वर्षांनी.

आज ते सहज मिळते, किंमतही फार नाही, आणि पाने थोडी आहेत. भाऊबीजेच्या दिवशी बहिणीला साडी देणाऱ्यांनी साडीबरोबर ते द्यावे, आणि बहिणीने ते वाचून झाल्यावर भावाकडे परत पाठवावे. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आजवर कोणाला सापडलेले नाही.